टेकडीची वाट कोणाची?



गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आपल्या शाळेची पदभ्रमणाची तुकडी नेहमीप्रमाणे रविवारी पहाटे राजवाड्यासमोरच्या बागेत, अहिल्याबाईंच्या पुतळ्यापाशी जमली होती. बस यायला अवकाश होता. बरोबर घेतलेल्या तगाऱ्या आणि फावडी पाहून सातवीतल्या एका मुलीने विचारले, "बाई, टेकडी सरकारची आहे ना? मग तिथली वाट आपण का दुरुस्त करायची?" मी शिक्षक देतात तसे उत्तर दिले, "अगं, ती सगळ्यांची असते म्हणून." तिचे समाधान झालेले नाही हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. तेवढ्यात बस आली आणि विषय तिथेच राहिला. त्याच आठवड्यात एका पालकांची चिठ्ठी आली, की आम्ही मुलांना सहलीला पाठवतो, मजुरीला नाही. मला हे दोन्ही प्रश्न एकच वाटतात आणि त्यांचे नीट उत्तर देणे माझ्याकडे बाकी आहे. माझे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आहे, त्यामुळे लिहिताना मधूनमधून हिंदी डोकावते. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

प्रथम 'सरकारी' हा शब्द पाहू. इंदुरात एखादी जागा दाखवून कोणी "सरकारी है" म्हणाला, की त्याचे दोन अर्थ निघतात. एक, तिथे जायला कोणाला विचारावे लागत नाही. दुसरा, तिथे काहीही टाकले, खणले, तोडले तरी कोणी विचारणार नाही. गावाची चरणोई, तलाव, नदीचा काठ, वनविभागाची टेकडी या सर्व जागा या दोन अर्थांच्या मध्ये अडकलेल्या असतात. शहर वाढते तसा दुसरा अर्थ जोर धरतो. आधी मुरमाच्या दोन ट्रॉल्या जातात, मग पडक्या घराचा मलबा येऊन पडतो, मग एक टपरी उभी राहते. आपल्यापैकी ज्यांची घरे नव्या कॉलन्यांत आहेत त्यांनी हे डोळ्यांनी पाहिलेले आहे.

पूर्वी सरकार म्हणजे महाराज होते. शहराजवळच्या रालामंडल टेकडीवर होळकरांची शिकारगाह आहे. त्या काळी तुमच्या-माझ्या आजोबांना तिथे सहज फिरायला जाता आले नसते. १९८९ साली ही टेकडी अभयारण्य झाली. तिचे क्षेत्रफळ जेमतेम सव्वादोन ते अडीच चौरस किलोमीटर, म्हणजे अभयारण्यांच्या मानाने अगदी चिमुकले. पण आज तिकीट काढून कोणीही वर चढून जाऊ शकतो आणि नशीब असेल तर वाटेत चितळ, नीलगाय, मोर दिसतात. जी जागा एका घराण्याच्या शिकारीसाठी राखलेली होती ती आपल्या वाट्याला आली. ती राखण्याचे काम मात्र आपल्या वाट्याला आले आहे असे आपल्याला वाटत नाही. माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न इथूनच निघतो.

आता राजवाड्यापासून अगदी जवळचे उदाहरण घेऊ. धार रोडवर सिरपूरचा तलाव आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंदूर संस्थानाने तो बांधवला. हा तलाव फार उथळ आहे. पावसाळ्यात भरला तरी जास्तीत जास्त दोन मीटर खोल. पक्ष्यांना उथळ पाणी हवे असते, कारण पाय टेकवून, चोच घालून खाणे तिथेच मिळते. जमीन विकणाऱ्याला मात्र उथळ तलाव दिसला की त्यात प्लॉट दिसतात. १९९० नंतरच्या वर्षांत सिरपूरची अवस्था वाईट होती. अतिक्रमण, झाडतोड, चोरटी मासेमारी, सगळे चालू होते. त्या सुमारास आपल्या इंदूरचे छायाचित्रकार व शिल्पकार भालू मोंढे आणि त्यांच्यासारखी काही मंडळी तिथे नियमाने जाऊ लागली आणि 'दि नेचर व्हॉलंटिअर्स' ही संस्था उभी राहिली. पहाटे काठाकाठाने फिरायचे, पक्षी पाहायचे, त्यांची नोंद करायची, फोटो काढायचे, बरोबर नवी माणसे न्यायची, आणि काही वावगे दिसले की अधिकाऱ्यांच्या आणि वर्तमानपत्रांच्या कानावर घालत राहायचे, असा हा उद्योग होता. भालू मोंढे यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. २०२२ मध्ये सिरपूर आणि यशवंतसागर या दोन्ही तलावांना रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. रामसर हे इराणमधले गाव. तिथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला, म्हणून २ फेब्रुवारी हा पाणथळ दिन. जानेवारी २०२५ मध्ये इंदूर आणि उदयपूर ही पाणथळ जागा राखणारी शहरे म्हणून या कराराखाली मान्यता मिळालेली भारतातली पहिली दोन शहरे ठरली.

परीक्षेत तुम्हाला २०२२ आणि २०२५ ही सालेच विचारतील. मला स्वतःला त्याआधीची तीस वर्षे जास्त महत्त्वाची वाटतात. महानगरपालिकेने काम केले, सरकारने प्रस्ताव पाठवला, हे खरेच आहे. पण प्रस्तावात लिहायला तलाव शिल्लक राहिला पाहिजे, पक्ष्यांच्या नोंदी असल्या पाहिजेत. ज्या काठावर दर रविवारी चार माणसे दुर्बीण घेऊन फिरतात तिथे रात्रीतून मलबा टाकणे अवघड जाते, कारण सोमवारी बोंब होते. समूहाने फिरण्याचा हा पहिला उपयोग. वाटेवर साक्षीदार असतात.

परंतु फिरण्याची दुसरी बाजूही आहे, आणि ती मी स्वतः केलेल्या चुकीतून शिकले.

वीस-बावीस वर्षांपूर्वी मी ८० मुलांना घेऊन महूच्या पुढच्या एका टेकडीवर गेले होते. वाट तीन वळणे घेत वर जायची. उतरताना उशीर झाला, खाली बसवाला हॉर्न वाजवत होता, म्हणून मी वळणे सोडून मुलांना सरळ उतरवले. मुलांना मजा आली, घसरगुंडीसारखे सगळे खाली आले. पुढच्या दोन रविवारी इतर वर्गांना घेऊन गेले तेव्हा ती रेघ तयारच होती. आम्ही तिथूनच चढलो आणि तिथूनच उतरलो. पुढल्या वर्षी पावसाळ्यानंतर गेले तर त्या रेघेवर गवत नव्हते, बोटभर खोल खाच होती. आणखी दोन पावसाळ्यांनी ती गुडघ्याएवढी झाली आणि बाजूच्या एका पळसाची मुळे उघडी पडली. तिथला वनरक्षक ओळखीचा झाला होता. तो न रागावता म्हणाला, "मैडम, आपके बच्चों ने नाली खोद दी." मी वाद घातला, की आम्ही एक दगडही हलवला नाही. तो हसला आणि निघून गेला. घरी येऊन विचार केला तेव्हा कळले की त्याचेच बरोबर होते.

हे कसे घडते ते समजून घेऊ. आपल्या माळव्याच्या टेकड्या बेसॉल्टच्या, म्हणजे थंड झालेल्या लाव्ह्याच्या आहेत. वर मातीचा पातळ थर, त्याखाली मुरूम, त्याखाली खडक. मातीला धरून ठेवतात ती गवताची मुळे. आपला पाऊस वर्षाला साधारण ९०० ते १००० मिलिमीटर, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि पुष्कळदा तासाभराच्या जोरदार सरीत पडतो. एका जागेवरून शेकडो पाय गेले की गवत मरते आणि माती दबून घट्ट होते. घट्ट मातीत पाणी मुरत नाही, ते वरून वाहू लागते. वाट उताराला सरळ असेल तर पाण्याला थांबायला जागाच नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याची ऊर्जा चौपट होते, हे नववी-दहावीच्या मुलांनी सूत्रात पाहिले आहेच. टेकडीवर तेच सूत्र माती उचलून नेते. पहिल्या पावसात खाच पडते, दुसऱ्या पावसात सगळे पाणी त्या खाचेतच गोळा होते, आणि वाटेचा ओढा होतो. मग चालणारे चिखल टाळायला कडेच्या गवतावरून चालतात, तेही मरते, आणि वाट एका माणसाची होती ती बैलगाडीएवढी रुंद होते. जुन्या माणसांनी वळणावळणाची वाट पाडली ती हौसेने पाडली नव्हती.

हा प्रयोग शाळेतही करता येतो. दोन पत्र्याचे ट्रे घ्या, त्यांत सारखी माती दाबून भरा आणि एक कड चार विटांवर टेकवून उतार द्या. एका ट्रेमध्ये वरून खाली बोटाने सरळ रेघ ओढा, दुसऱ्यात तेवढ्याच खोलीची नागमोडी. झारीने दोन्हींवर सारखेच पाणी घाला आणि खाली आलेले गढूळ पाणी वेगवेगळ्या काचेच्या बरणीत धरा. रात्रभर ठेवा. सकाळी बरणीच्या तळाशी बसलेला गाळ पट्टीने मोजा. आठवीच्या वर्गाने हा प्रयोग केला तेव्हा मुले सकाळी प्रार्थनेआधीच बरण्या पाहायला धावली होती. जमल्यास तिसऱ्या ट्रेमध्ये मोहरी किंवा मेथी उगवून मग पाणी घाला. त्याचा निकाल मी इथे सांगत नाही.

आता वाटेची दुरुस्ती म्हणजे काय? पुष्कळांना वाटते, पायऱ्या बांधायच्या, सिमेंट ओतायचे. तसे नाही. सिमेंटची पट्टी टेकडीवर फार टिकत नाही, कारण तिच्या कडेने पाणी माती पोखरते आणि पट्टी अधांतरी राहते. खरे काम पाण्याला वाटेवरून लवकरात लवकर बाहेर काढण्याचे आहे. वाटेचा बाहेरचा कड किंचित खाली ठेवायचा, म्हणजे पाणी वाटेवरून लांब न वाहता आडवे ओलांडून जाते. जिथे उतार जास्त आहे तिथे थोड्याथोड्या अंतरावर मोठ्या दगडांची एक ओळ वाटेत तिरपी पुरायची. काटकोनात नाही, तिरपी, नाहीतर तिच्यामागे गाळ साचून पाणी वरून उडी मारते. दगडाचा दोन तृतीयांश भाग जमिनीत गेला पाहिजे. नुसता वर ठेवलेला दगड पहिल्याच गाईच्या खुराने निघतो. ओळीच्या बाहेरच्या टोकाला पाणी जायला मोकळी जागा ठेवायची आणि दर पावसाळ्याआधी तिथला गाळ काढायचा. आखूड वाटा, म्हणजे माझ्यासारख्यांनी पाडलेल्या, काटेरी फांद्या आणि दगड टाकून बंद करायच्या, त्यांत जागोजागी दगडांचे छोटे आडवे बांध घालायचे, म्हणजे माती अडते आणि गवत परत येते. हत्यारे साधी लागतात: गैंती, सब्बल, फावडे, तगारी. (तगारीला पुण्याकडे घमेले म्हणतात. आपल्याकडे नव्याने आलेल्या एका शिक्षिकेने घमेले मागितले तेव्हा आमचे शिपाईकाका बराच वेळ भांडारात शोधत होते.)

हे काम वनविभाग मजूर लावून करू शकत नाही का? करतो, पण मुख्यतः मोठ्या रस्त्यांवर. पायवाटेचे काम लहान, विखुरलेले आणि कायमचे असते. एका गाळ भरलेल्या तोंडासाठी टेंडर निघत नाही. ते तोंड कोणी तरी जाता जाता मोकळे करावे लागते. जो त्या वाटेने चालतो त्यालाच ते दिसते.

चिठ्ठी लिहिणाऱ्या पालकांना मी झाबुआचे उदाहरण देऊ इच्छिते. इंदूरपासून दीडशे किलोमीटरवर, भिल्ल समाजात 'हलमा' नावाची जुनी रीत आहे. एखाद्यावर असे संकट आले की त्याला एकट्याने निभावत नाही, तर तो हलमा बोलावतो. शेजारपाजारचे लोक आपापली हत्यारे घेऊन येतात, काम उरकतात आणि मजुरी न घेता जातात. 'शिवगंगा' या संस्थेने ही रीत टेकडीसाठी वापरली. झाबुआजवळच्या हाथीपावा टेकडीवर हजारो स्त्री-पुरुष स्वतःची गैंती आणि तगारी घेऊन जमले आणि त्यांनी उतारावर समतल चर खोदले. एकाच उंचीवर आडवा खोदलेला चर पाण्याला पळू देत नाही, तिथेच मुरवतो. या कामाशी जोडलेले महेश शर्मा यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांची इर्जिक आणि सावड याच कुळातल्या. मजूर काम करतो आणि दाम घेतो, त्यात कमीपणा काहीच नाही. पण हलम्याला आलेला माणूस मजूर नसतो, तो पाहुणा असतो आणि उद्या त्याच्याकडेही कोणी तरी येणार असते. आपली मुले तगारी उचलतात ती या नात्याने. शिवाय सांगायला हरकत नाही, दगड पुरताना ज्या मुलाला वर्गात कोणी विचारत नाही तो पुष्कळदा सर्वांना शिकवताना मी पाहिला आहे.

बाहेरच्या जगातही लोक याच रस्त्याने गेले, आणि चुकलेही. अमेरिकेत १८९२ मध्ये जॉन म्यूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सिएरा क्लब' स्थापन केला. १९०१ पासून विल्यम कोल्बी यांनी क्लबच्या मोठ्या सामूहिक सहली डोंगरात नेण्यास सुरुवात केली. ज्यांनी डोंगर पाहिला ते डोंगरासाठी बोलतील, हा हिशेब होता. तो नेहमी जमला असे नाही. हेच हेची नावाची सुंदर दरी १९१३ मध्ये धरणासाठी दिली गेली, क्लबने जिवापाड विरोध करूनही. आणि पुढे लक्षात आले की एवढे मोठे तांडे आणि त्यांची सामान वाहणारी जनावरे त्याच कुरणांना तुडवत होती, तेव्हा तुकड्या लहान करण्यात आल्या. म्हणजे माझी ८० मुलांची चूक काही माझी एकटीची नव्हती. त्याच देशात बेंटन मकाय यांनी १९२१ मध्ये अपालाचियन पर्वतरांगेतून लांब पायवाटेची कल्पना मांडली, १९३७ मध्ये ती सलग पूर्ण झाली, आणि सुमारे ३५०० किलोमीटरच्या या वाटेची देखभाल आजही प्रामुख्याने ठिकठिकाणच्या क्लबांचे स्वयंसेवक करतात. प्रत्येक क्लबाकडे आपापला तुकडा नेमून दिलेला असतो. ही नेमून देण्याची पद्धत मला फार पटली. आपल्या मराठी मुलखात पुण्याची वेताळ टेकडी घ्या. तिथून रस्ता नेण्याची योजना आली तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये पुणेकर मोठ्या संख्येने टेकडी वाचवा म्हणत चालत निघाले. त्यांतले कितीतरी रोज पहाटे त्याच टेकडीवर फिरणारे होते. ज्या टेकडीवर कोणी जातच नाही तिच्यासाठी एवढी माणसे कुठून आली असती?

काही गोष्टी व्यवहाराच्या. वनजमिनीवर, विशेषतः अभयारण्यात, वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय एक दगडही हलवायचा नाही; हेतू चांगला असला तरी नाही. कुठला दगड उचलायचा हेही वनरक्षकाला विचारायचे, कारण दगडाखाली विंचूच असतो असे नाही, पालीची, सरड्याची अंडीही असतात. तुकडी पंचवीसच्या वर न्यायची नाही. ओल्या मातीवर चालल्याने वाट सर्वांत जास्त मोडते, म्हणून ऐन पावसाळ्यात आपली शाळा टेकडीवर जात नाही. धबधब्यांवर तर मुळीच नाही. जुलै २०११ मध्ये पातालपाणीला अचानक आलेल्या लोंढ्यात माणसे वाहून गेली, त्यांपैकी काही जिवंत परत आली नाहीत. वर आकाश स्वच्छ असले तरी मागे कुठे तरी पाऊस झालेला असतो, हे प्रत्येक मुलाला पाठ हवे. आणि झाडे लावण्याचा उत्साह जरा आवरावा. फोटोपुरती शंभर रोपे लावून मार्चमध्ये त्यांना पाणी न देणे हे मला पटत नाही. काही उतार मुळातच गवताचे असतात. तिथले पक्षी गवतातच घरटी करतात. तिथे खड्डे खोदणे म्हणजे मदत नव्हे.

राहता राहिली माझी नाली. गेल्या हिवाळ्यात, ज्या दिवशी तो प्रश्न विचारला गेला, त्याच दिवशी आम्ही तिथेच चाललो होतो. ती पट्टीने मोजली: लांबी ६२ पावले, सर्वांत खोल जागी ७० सेंटिमीटर. पळस अजून उभा आहे, एका बाजूला झुकलेला. त्या दिवशी अकरा आडवे बांध घालून झाले. दुपारी सगळी मुले डब्याला बसली तेव्हा सातवीतली ती मुलगी शेवटच्या बांधापाशी थांबून दगड पुन्हा पुन्हा हलवून पाहत होती. मी विचारले, काय करतेस? ती म्हणाली, "बाई, हा हलतोय." आम्ही तो काढून पुन्हा पुरला. या पावसाळ्यानंतर वनरक्षकांनी फोनवर सांगितले की अकरांपैकी आठ बांध टिकले आहेत, त्यांच्यामागे चांगली माती अडली आहे आणि दोन ठिकाणी गवतही आले आहे. तीन वाहून गेले. ते तीन कोणी घातले होते याची यादी वर्गात आहे, पण ती मी छापणार नाही, कारण त्यांतला एक माझा आहे.

उरलेल्या कामासाठी दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या रविवारी पहाटे ६ वाजता राजवाड्यासमोरच्या बागेत जमायचे आहे. परवानगीचा अर्ज दिला आहे. सातवी ते दहावीच्या पंचवीस मुलांनी वर्गशिक्षकांकडे नावे द्यावीत. पालकांपैकी चार जण हवे आहेत, चिठ्ठी लिहिणारे आले तर मला विशेष आनंद होईल. पूर्ण बाह्यांचा शर्ट, बूट, टोपी, पाण्याची मोठी बाटली आणि डबा आणावा. तगाऱ्या शाळेतून मिळतील. पोहे-जिलबी परत आल्यावर.